बाहेर पडल्याची खूण

१

विमानावर वीज पडली तर आत बसलेल्या माणसांना काही होत नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की झोपेत विचारलं तरी बिनचूक सांगेन. वीज बाहेरच्या पत्र्यावरून धावते. एका जागी शिरते, दुसऱ्या जागेने निघून जाते. आतल्यांना लख्ख उजेड दिसतो, मोठा आवाज होतो, एखादं मूल रडतं, आणि थोड्या वेळाने चहाची गाडी पुन्हा फिरू लागते.

विमान उतरलं की आमच्या हँगरमध्ये येतं. आमचं काम खुणा शोधण्याचं. शिरल्याची खूण बहुतेक वेळा नाकापाशी सापडते. टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका, नाहीतर पत्रे जोडणारं, वितळून बसलेलं एखादं रिव्हेट. पण वीज अंगावर असताना विमान पुढे जात असतं, त्यामुळे तिचे ठिपके मागे मागे पडत जातात, उसवलेल्या शिवणीच्या टाक्यांसारखे. ते टाके धरून मागे सरकायचं, प्रत्येकाभोवती लाल मेणखडूने गोल काढायचा, आणि शेवटी शेपटीपाशी किंवा पंखाच्या टोकाला बाहेर पडल्याची खूण गाठायची. तिथे बारीक दांड्या बसवलेल्या असतात, आम्ही त्यांना वाती म्हणतो. वीज बऱ्याचदा तिथून जाते. ही दुसरी खूण सापडल्याशिवाय विमान सोडायचं नाही, असा नियम आहे. शिरली आहे म्हणजे कुठून तरी गेलीच असणार.

त्या दुपारी विमान यायच्या आधी मुलीचा फोन आला.

"बाबा, पोचले. तुमच्यासाठी काम घेऊन आले आहे."

"तुझ्याच विमानावर पडली होय? घाबरलीस का?"

मधे जरा शांतता. लाईन खराब असेल असं मला वाटलं.

"छे. शेजारचे काका घाबरले. माझा हात धरून बसले होते. उतरल्यावरही सोडेनात, म्हटलं, काका, हा मला घरी न्यायचाय."

मी हसलो. बऱ्याच महिन्यांनी हसलो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं दोन शहरांत राहत होतो आणि फोनवर एकमेकांना जेवण झालं का एवढंच विचारत होतो. आता ती महिन्याभराची रजा काढून आली होती. मला सोबत हवी म्हणून, असं तिचं म्हणणं. तिला सोबत हवी म्हणून, असं माझं. घरात आता आम्ही दोघंच उरलो होतो, तेव्हा कोणाचंही खरं मानलं तरी चालण्यासारखं होतं.

विमान आलं. विजेची जोडणी बघणारा आमचा एक जुना सोबती आहे. हातात कायम मीटर असतो म्हणून त्याला सगळे मीटरच म्हणतात, त्याची सासूसुद्धा. आम्ही दोघं पोटाखाली शिरलो. शिरल्याची खूण लगेच सापडली. मागचे टाकेही सापडत गेले, एका रेषेत, सुरेख. आणि मग संपले.

"पुढे?" मीटर म्हणाला.

"पुढे काही नाही."

"नीट बघ. तुझा चष्मा बदलायला झालाय."

मी नीट बघितलं. त्यानेही बघितलं. पोटाच्या मध्यावर शेवटचा ठिपका होता आणि त्यानंतर शेपटीपर्यंत पत्रा कोरा करकरीत. शिडी लावून पंख पाहिले, शेपूट पाहिली, प्रत्येक वात बोटांत धरून पाहिली.

"पाहुणी आली आणि राहिलीच म्हणायची," मीटर म्हणाला. "माझ्या मेव्हणीसारखी."

संध्याकाळी मोठे साहेब आले. त्यांनी शेपटीची एक वात दाखवली, टोकाला जराशी काळपट. ती मागच्याच कुठल्यातरी पावसाळ्यातली असावी, पण काळपट होती हे खरं. बाहेर पडल्याची खूण म्हणून तिची नोंद झाली. मी सही केली, मीटरनेही केली. नंतर तो पोटाखाली वाकून शेवटच्या ठिपक्याकडे बघत उभा राहिला.

"वर कुठली रांग येते रे इथे?"

मी सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मुलीने निघताना मला तिची जागा फोनवर सांगितली होती. खिडकीची होती, पंखाच्या जरा मागे.

२

मी घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून चहा ढवळत होती. मी दारातूनच तिला बघत राहिलो. केस कापले होते. आईसारखी दिसायला लागली होती, बसण्याच्या ढबीतसुद्धा.

काय खटकतंय ते मला थोड्या वेळाने कळलं. ती चमचा कपात गोल गोल फिरवत होती आणि त्याचा आवाज येत नव्हता.

उभा जन्म इंजिनांच्या शेजारी गेला आहे माझा. कानांवर झाकणं लावली तरी ती कितीशी पुरणार. आज ना उद्या हे व्हायचंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि आत जाऊन खुर्ची ओढली. खुर्चीचा आवाज मात्र आला, चांगला खरखरीत. फ्रीजची गुणगुण येत होती. खालच्या रस्त्यावरून कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तेही येत होतं.

"कशी झाली सफर?" मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. जरा थांबून तिचे ओठ हलले. मग जरा थांबून आवाज आला.

"बरी झाली. तुम्ही वाळलात बाबा."

मी पिशवी उचलून तिच्या खोलीत ठेवायला निघालो. खोलीत पोचलो, दिवा लावला, आणि तेव्हा मला मागे स्वयंपाकघरातून चमच्याची किणकिण ऐकू आली. डोकावून पाहिलं तर ती चहा पिऊन कप विसळत होती. नळ वाहत होता. त्याचा आवाज अजून सुरू व्हायचा होता.

जेवताना तिने विजेचं सांगितलं. विमानातल्या सगळ्यांनी कानठळ्या बसवणारा आवाज ऐकला म्हणे. काकांनी ऐकला, हवाई सुंदरीने ऐकला.

"मी नाही ऐकला," ती म्हणाली. "मला फक्त उजेड दिसला. बराच वेळ."

"वीज बराच वेळ नसते बाळा."

"हो ना," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटायचं."

३

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि बारीक बारीक शिट्ट्या वाजवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. मी दाबत गेलो.

"तुमच्या वयाला हे कान शोभत नाहीत," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी पाठवलं का? माझ्याकडे येणारे निम्मे नवरे ठणठणीत असतात. बायकोचं ऐकायचं नसतं, एवढंच."

"बायको नाही आता," मी म्हणालो.

त्यांनी कागद नीट केले. "मग कोणाचं ऐकू येत नाही?"

मुलीचं, असं म्हणणार होतो. पण ऐकू येत नाही हे खरं नव्हतं. ऐकू येत होतं, उशिरा. ते त्यांना कसं सांगायचं, या विचारात मी आभार मानून बाहेर पडलो.

घरी आलो. ती दिवाणखान्यात पाय वर घेऊन पुस्तक वाचत होती. मी बूट काढत होतो तेवढ्यात बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. दार उघडल्याचा आवाज झाला, लागल्याचा झाला. दार जागच्या जागी बंद होतं. मग पॅसेजमधून पावलं आली. तिचीच, डावा पाय जरासा घासत चालते ती. पावलं माझ्या अंगावरून गेली म्हणायला हरकत नाही, कारण मी पॅसेजच्या मधोमध उभा होतो. तिच्या खुर्चीपाशी जाऊन ती थांबली.

ती पुस्तकाचं पान उलटत होती.

"बाहेर गेली होतीस का गं?"

थोड्या वेळाने ओठ हलले. त्याहून थोड्या वेळाने उत्तर आलं. "सकाळी. दूध आणायला."

लहान असताना ती विजेला घाबरायची. तेव्हा तिची आई तिला मांडीवर घेऊन मोजायला लावायची. चमकली की मोजायला लाग, गडगडली की थांब. जितके आकडे जास्त, तितकी वीज लांब. मोजता मोजता ती झोपून जायची.

दूध सकाळी आणलं होतं. आता ऊन उतरायला लागलं होतं. मी मोजलं नाही. मला मोजायचं नव्हतं.

४

मी मीटरला घरी चहाला बोलावलं. काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने थट्टा केली असती, आणि केली नसती तर ते जास्त वाईट झालं असतं.

तो आला तो बडबडतच. "काय गं चिमणे, ओळखलंस का? तुझ्या वाढदिवसाला मी पेटणारं खेळणं दिलं होतं आणि ते खरंच पेटलं होतं."

मुलगी हसली. तिचं हसू दिसलं. मीटरही हसला, मग हसू ऐकू यायची वाट बघत थांबला, मग माझ्याकडे बघितलं. मी चहा गाळत होतो. 

तो बसला. इकडचं तिकडचं बोलत राहिला, पण वाक्यं आखूड होत गेली. तिने त्याला बिस्किटं पुढे केली, काहीतरी विचारलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता. टेबलाखाली त्याचा हात मांडीवर होता आणि अंगठा एकेका बोटाच्या पेरावरून सरकत होता. मी ते पाहिलं. तो मोजत होता. सगळी बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

तिने विचारलेलं आम्हाला ऐकू आलं तेव्हा ती उठून गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. "काकू कशा आहेत?" असं तिच्या रिकाम्या खुर्चीपाशी कोणीतरी म्हणालं. "पाय बरा झाला का त्यांचा?"

"बरा आहे," मीटर खुर्चीला म्हणाला.

आम्ही दोघं खाली फाटकापर्यंत चालत गेलो.

"वाढतंय?" त्याने विचारलं.

"रोज."

तो फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. "त्या दिवशीचा कॅप्टन रजेवर आहे. माहीत आहे तुला?"

"का?"

"त्याची बायको म्हणते, ऐकू येत नाही."

"कॅप्टनला?"

"नाही. तिला."

त्याने कडी सोडली.  मग तो म्हणाला, "अजून एक. तू मागचं ऐकलंस का? तिच्या आवाजाच्या मागचं?"

ऐकलं होतं. पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. तिचा प्रत्येक शब्द एका संथ, एकसुरी घरघरीच्या आत बसून येत असे. दुसरा कोणी असता तर पंखा समजला असता. पण आम्ही दोघं तेवढ्यासाठीच पगार घेतो. ती इंजिनं होती. हँगरमध्ये ऐकू येतात तशी नव्हे. ढगांच्या वर गेल्यावर, केबिनमध्ये खिडकीपाशी बसलं की ऐकू येतात तशी.

५

मी तिला विचारायचं ठरवलं. बाप म्हणून माझ्याकडे दुसरं काय होतं. सकाळची वेळ होती, ऊन टेबलावर आलं होतं, अशा वेळी माणूस कशालाही तोंड देऊ शकतो असं मला वाटत असे.

"बाळा, तुझं काय बिनसलंय?"

ती पावाला लोणी लावत होती. लावत राहिली. माझा प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की माझा चहा निवला. मग तिने सुरी ठेवली आणि बोलली, बराच वेळ, हातवारे करत. मी तिचे हात बघत राहिलो. मधेच तिने डोळे पुसले. मी उठून तिच्याजवळ जाणार होतो, पण जाऊन कोणाच्या पाठीवर हात ठेवणार, हा विचार मनात आला आणि मी जागीच बसलो. तो विचार आला याचीच मला भीती वाटली.

ती उठून आपल्या कामाला लागली. मी तिथेच बसून राहिलो. दुपार होत आली तेव्हा घरघर सुरू झाली आणि मग तिचा आवाज आला.

"मला नाही, बाबा, तुम्हालाच काहीतरी झालंय. तुम्ही हल्ली किती उशिरा उत्तर देता. मी विचारते, तुम्ही नुसते बघत बसता, आणि मी झोपायला गेले की भिंतीतून तुमचा आवाज येतो. खूप लांबून येतो. मी किती हाका मारल्या तुम्हाला." इथे ती रडली असावी. "आणि हे दिवे बंद करा ना. इतका उजेड कशाला हवा घरात. डोळे मिटले तरी जात नाही."

घरात एकही दिवा चालू नव्हता.

ती आंघोळीला गेली होती, मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. दाराच्या धूसर काचेतून पाणी पडताना दिसत होतं, दाराखालून ओल आली होती. आवाज नव्हता. ती बाहेर आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, माझ्याकडे बघून मजेत हसली आणि बाजूने निघून गेली. सकाळी जी रडली होती तिचा या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

मी हँगरमध्ये फोन केला. ते विमान कुठे आहे म्हणून विचारलं.

"हवेत," पलीकडचा म्हणाला. "रोज असतं. का?"

६

त्यानंतर तिने बोलणं सोडलं. म्हणजे ओठ हलणं थांबलं. ती उठायची, जेवायची, खिडकीत बसायची, मी बघितलं की हसायची. बघितलं नाही तर काय करायची ते मला माहीत नाही. एकदा मी मान वळवून पटकन पुन्हा वळलो, तेव्हा तिला चेहऱ्यावर हसू आणायला क्षणभर उशीर झाला होता.

काल दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी वाढलं. मी एकटाच बोलत होतो, सवयीने. तिच्या आईबद्दल बोलत होतो. शेवटच्या दिवसांत ती पाणी मागायची आणि आणेपर्यंत झोपून जायची, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगी समोर बसून ऐकत होती, हनुवटी तळहातावर टेकवून.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

आवाज तिच्या खोलीतून आला. बंद दाराआडून. समोरचीचे ओठ मिटलेले होते.

मी स्वतःला सांगितलं की हा उशिरा आलेला आवाज आहे. कालचा असेल, परवाचा असेल. तिने हे कधी विचारलं ते आठवायचा प्रयत्न केला. तिने हे कधीच विचारलं नव्हतं.

"बाबा?" पुन्हा आवाज आला. आता भेदरलेला. "बाहेर कोण आहे तुमच्याबरोबर?"

समोरची हसत होती. तिने टेबलावरून हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला. ती आल्यापासून आमचा स्पर्श झाला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. तो हात गरम नव्हता, गारही नव्हता. उन्हाचा कवडसा हातावर पडावा तसा होता. दिसत होता, आणि वजन नव्हतं.

मी हात काढून घेतला आणि उठलो.

पॅसेज आमच्याच घराचा होता. त्याच फरश्या, तेच पायपुसणं. खोलीच्या दाराखालून पांढरा उजेड बाहेर सांडला होता, भर दुपारच्या उन्हापेक्षा पांढरा. घरघर आता दारातून, भिंतीतून, माझ्या दातांतून येत होती. माझ्या मागे, स्वयंपाकघरात, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं. डावा पाय जरासा घासणारी. आणि मग तिचा आवाज, स्वच्छ, जवळून, मागे कसलीही घरघर नसलेला.

"नका जाऊ ना बाबा. जेवण निवतंय."

आवाज वेळेवर येत होता. ती आल्यापासून पहिल्यांदाच. मी मागे वळलो असतो तर ओठ आणि शब्द बरोबर जुळलेले दिसले असते, माझी लेक जशी पूर्वी दिसायची तशी. महिनाभर मी दुसरं काय मागत होतो.

"बाबा," दाराआडून आवाज आला, "मला काही दिसत नाहीये."

मी कडी काढली.

आत खोली नव्हती. उजेडातून आधी काहीच कळेना, मग ओळीने डोकी दिसली. खुर्च्यांच्या पाठींवरून वर आलेली, सगळी पुढे बघणारी, एकही हलत नसलेलं. पुढे जाऊन त्यांचे चेहरे बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. खिडकीकडून एक हात माझ्या दिशेने आला, चाचपडत. मी तो धरला. घामेजलेला होता, त्याला वजन होतं. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत ती असाच धरायची, बोटं मोडतील इतका घट्ट.

"दार लावा आधी," ती म्हणाली.

पावलं पॅसेजमध्ये आली होती. मी दार आतून लावून घेतलं आणि तिच्या शेजारी बसलो. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. आम्ही दोघं कान देऊन ऐकत राहिलो.

बाहेरची पावलं दाराशी थबकली, परत फिरली. टेबलाशी दुसरी खुर्ची सरकली. ताटं वाजली. माझ्या आवाजात कोणीतरी काहीतरी विचारलं, भाजी वाढू का, असं असावं. तिकडे, टेबलाशी, माझी मुलगी हसली. सगळं अगदी वेळच्या वेळी.